दखलपात्र

मंगळवारी दुपारी, नामूरमध्ये,
तिसऱ्या मजल्यावर, जिथं रेडिएटर म्हाताऱ्यासारखा खोकतो,
आम्ही चौघं बसलो
फुल्जांसचा निकाल लावायला.

फुल्जांस म्हणजे पूलवाला.
एका चित्रसाप्ताहिकात, त्रेपन्न ते सत्तावन्न,
एकूण चौकटी अकरा.
दोनांत पाठमोरा,
एकीत नुसता हात, दांड्यावरचा.
तो त्याचाच असणार असं आम्ही धरून चालतो.
बोलतो एवढंच : "पूल बंद आहे."
आणि दर वेळी वैमानिक तोर्विल
त्याच्या डोक्यावरून विमान काढतो,
टोपी उडते.
ती परत कशी येते
हे कुठल्याच अंकात नाही.

गोडलीव्ह म्हणाली, नियम सोपा आहे.
दोन स्वतंत्र ग्रंथांनी दखल घेतलेली हवी.
ह्याला कुणी खिजगणतीत धरलेलं नाही.
एका सूचीत नाव सापडतं, तेही चुकीचं, फुल्बेर म्हणून.
ह्याला घेतलं तर उद्या
गर्दीतला प्रत्येक छत्रीवाला येईल
आपापला परिच्छेद मागायला.

बरोबर होतं तिचं.
ती बरोबर असते म्हणून तर कोश
तिसऱ्या खंडापर्यंत पोचला.

मग अँसेल्मनं पाकिटातून पत्र काढलं.
दिनांहून, एका बाईचं, निळ्या शाईतलं :
माझे वडील म्यूझवर जलद्वार सांभाळायचे.
दर गुरुवारी अंक आणायचे,
गोष्ट न वाचता आधी पानं चाळायचे,
आणि तो दिसला की
सूप वाढून घेताना आईला सांगायचे,
"आज आपण आलोय."

गोडलीव्हनं ते दोनदा वाचलं.
चष्मा पुसला.
म्हणाली, सुरेख आहे. पण पत्राला प्रकाशक नाही.

दखलपात्र.
हा शब्द आपण गुन्ह्याला लावतो.
फुल्जांसनं एखादी होडी बुडू दिली असती,
लाच खाल्ली असती,
निदान तोर्विलच्या बहिणीवर प्रेम तरी केलं असतं
तर चार ग्रंथांत आला असता.
पण तो कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.
मध्यात म्हणजे,
पुलाच्या मध्यात. तेवढा आहे.

मी भिंग घेतलं.
नवव्या चौकटीत त्याच्या केबिनच्या खिडकीत
एक कुंडी आहे, जिरेनियमची.
दहावीत ती वाळलेली.
अकरावीत, पाच महिन्यांनंतरच्या अंकात,
नवं रोप, दोन पानांचं.
नखाएवढ्या जागेत.
म्हणजे छपाईची वेळ टळत आलेली असताना
कुणीतरी, बहुधा पगारी मदतनीस,
ह्या माणसाच्या खिडकीचा विचार करत बसला होता.

मी हे सांगितलं.
कुणी काही बोललं नाही.
इल्यास, आमचा नवा मुलगा, जानेवारीत लागलेला, म्हणाला,
त्याला पैसे चौकटीमागे मिळायचे
की कुंडीमागे?
हसलो सगळे. रेडिएटरसुद्धा.

हात वर झाले. तीन विरुद्ध एक.
स्वतंत्र नोंद नाही.
तोर्विलच्या नोंदीत, 'इतर पात्रे' खाली,
एक ओळ. शब्दमर्यादा बारा.
विरोधात हात मी केला होता,
म्हणून ओळ लिहायचं माझ्याकडे आलं.

तोर्विलला साडेचार पानं आहेत.
त्यात विमानाच्या इंजिनाला अख्खा रकाना.

चार दिवस लागले मला.
आधी 'साधा' लिहिलं, खोडलं.
'निष्ठावान' लिहिलं, लाज वाटली.
शेवटी :

फुल्जांस, पूलवाला. अकरा चौकटी, एक वाक्य.
टोपी प्रत्येक वेळी उडते, परत असते.

काल मुद्रितं परत आली.
गोडलीव्हची लाल पेन्सिल सगळीकडे हिंडलेली,
स्वल्पविराम, सनावळ्या,
इंजिनाच्या रकान्यावर एक उभी रेघ.
माझ्या ओळीला हात नाही.
फक्त समासात, अगदी बारीक,
जणू वाचू नये म्हणून लिहिलेलं :
कुंडी राहिली.

मी बोटांवर मोजलं.
कुंडी धरली
तर तेरा होतात.